धार लावण्याचा दगड सपाट करणे आणि त्याची निगा राखणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरी किंवा पटाशी मनासारखी कापेनाशी झाली की बहुतेक जण पोलादाला किंवा स्वतःच्या हाताला दोष देतात. ज्या दगडावर ती घासली, तो दगड सपाट आहे की नाही हे मात्र फार थोडे लोक पाहतात. घरच्या सुऱ्यांना आणि सुतारकामाच्या हत्यारांना हाताने धार लावणाऱ्यांच्या नेहमीच्या शंका येथे एकत्र केल्या आहेत. पाण्यावर चालणारे वॉटरस्टोन, तेलावर चालणारे ऑइलस्टोन आणि हिऱ्याचे बारीक कण बसवलेल्या प्लेट या तिन्हींचा विचार उत्तरांत केला आहे.

दगड पोलादापेक्षा कठीण असतो, मग तो खोल कसा जातो?

धार लावण्याचा कृत्रिम दगड एकसंध नसतो. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे किंवा सिलिकॉन कार्बाइडचे बारीक कण एखाद्या बंधकाने, म्हणजे चिकटवून ठेवणाऱ्या पदार्थाने, एकत्र धरून तो तयार केलेला असतो. कण पोलादापेक्षा खूप कठीण असतात, पण त्यांना धरून ठेवणारा बंधक तितका कठीण नसतो, आणि तो तसा असूही नये. वरचे कण बोथट झाले की त्यांनी सुटून जावे आणि खालचे ताजे कण वर यावेत, अशीच या दगडाची योजना असते. त्यामुळे झीज हा दगडाचा दोष नाही. जपानी पद्धतीच्या वॉटरस्टोनमध्ये बंधक मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, म्हणून ते वेगाने कापतात आणि वेगाने खोलही जातात. ऑइलस्टोनमध्ये हेच काम अनेक महिन्यांत किंवा वर्षांत घडते.

अडचण एवढीच की झीज सगळीकडे सारखी होत नाही. हात नकळत मधल्या भागावरच फिरतो, टोके आणि कोपरे अस्पर्श राहतात, आणि काही दिवसांत मध्यभागी खळगा पडतो. गावातल्या जुन्या विहिरीच्या काठावर किंवा दगडी पायरीवर कोयते घासून पडलेल्या पन्हळी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

खोल गेलेल्या दगडामुळे नेमके काय बिघडते?

खळग्यात घासलेल्या पटाशीला खळग्याचाच उलटा आकार मिळतो. दगड आडव्या दिशेने खोल असेल, तर पटाशीची धार मध्ये पुढे आणि दोन्ही कोपऱ्यांत मागे गेलेली, म्हणजे किंचित कमानदार होते. रंध्याच्या पात्याला थोडी कमान चालते, काही कामांत ती हवीही असते. पण सांध्याची खाच काढणाऱ्या पटाशीला ती अजिबात चालत नाही.

त्याहून मोठे नुकसान पटाशीच्या पाठीचे होते. पाठ सपाट असेल तरच धारेपर्यंत दगड पोहोचतो आणि उलट बाजूला उठलेली बारीक तार, जिला फिटर मंडळी बर म्हणतात, ती निघते. खोल दगडावर पाठ घासली की ती फुगीर होते. मग दगड पाठीच्या मध्यभागी टेकतो, धारेपाशी टेकतच नाही, आणि धार येत नाही म्हणून माणूस आणखी घासतो. सुरुवातीच्या काळात मी हेच करत होतो आणि दोन चांगल्या पटाश्यांच्या पाठी त्यात गोल करून ठेवल्या. त्या पुन्हा सपाट करायला लागलेला वेळ दगड सपाट करण्याच्या वेळेपेक्षा कितीतरी अधिक होता.

स्वयंपाकघरातील सुरीच्या बाबतीत हानी कमी असते, पण असते. सुरी दगडाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकताना खळग्याच्या चढ-उतारानुसार तिचा कोन बदलत राहतो. हात स्थिर ठेवूनही धारेचा उतार गोलसर होतो.

दगड सपाट आहे की नाही हे घरी कसे तपासावे?

सर्वांत सोपे साधन म्हणजे स्टीलची चांगली पट्टी किंवा गुण्या. दगड धुऊन कोरडा करावा, पट्टी तिच्या कडेवर उभी धरून दगडावर ठेवावी आणि उजेडाकडे तोंड करून खालच्या फटीतून प्रकाश दिसतो का ते पाहावे. लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर अशी चार दिशांनी तपासणी करावी. कर्ण पाहायचे ते अशासाठी की दगड लांबी-रुंदीत बरोबर दिसूनही त्याला पीळ पडलेला असू शकतो.

दुसरी पद्धत पेन्सिलीची. दगडाच्या संपूर्ण पृष्ठभागावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी काढावी आणि सपाट करण्याच्या साधनावर तो दहा-पंधरा वेळा घासावा. जेथे रेघा पुसल्या गेल्या तो भाग उंच आणि जेथे त्या शिल्लक राहिल्या तो भाग खोल. ही जाळी प्रत्येक वेळी काढण्याची सवय मी मोडलेली नाही, कारण डोळ्यांना सपाट वाटणारा दगड पेन्सिलीच्या कसोटीला अनेकदा उतरत नाही.

किती सपाट असणे पुरेसे आहे?

ते कामावर अवलंबून आहे. भाजीच्या सुरीसाठी पट्टीखाली प्रकाशाची बारीक रेघ दिसली तरी काही बिघडत नाही. पटाशीच्या पाठीसाठी आणि शेवटच्या बारीक दगडासाठी मात्र मी 0.05 मिलिमीटरचे फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पत्री) पट्टीखाली शिरू नये, अशी मर्यादा ठेवतो. त्याहून सूक्ष्म सपाटी मिळवण्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही, कारण पुढच्या अर्ध्या तासाच्या वापरात ती निघून जाते.

सर्वांत कमी खर्चाची आणि विश्वासार्ह पद्धत कोणती?

जाड काच आणि वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरता येणारा पॉलिश पेपर. काचेच्या दुकानातून 10 मिलिमीटर जाडीचा, दगडाच्या दुप्पट लांबीचा तुकडा घ्यावा आणि त्याच्या कडा तेथेच घासून घ्याव्यात. ओट्याचे काम करणाऱ्यांकडे उरलेला पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटचा तुकडाही चालतो, मात्र तो पट्टीने तपासून घ्यावा. त्याला आलेली चकाकी सपाटीची हमी देत नाही.

वॉटर पेपर पाण्यात भिजवून काचेवर ठेवला आणि हाताने दाबून खालची हवा काढली की तो पाण्याच्या पकडीने काचेला चिकटून बसतो. दगड फार खोल असेल तर 120 नंबरचा, अन्यथा 220 नंबरचा पेपर घ्यावा (नंबर जितका मोठा, तितके कण बारीक). वॉटरस्टोन असेल तर तोही आधी भिजवावा. मग पेन्सिलीची जाळी काढलेली बाजू खाली करून दगड इंग्रजी आठाच्या आकारात फिरवावा, दर वीस-पंचवीस फेऱ्यांनंतर त्याचे पुढचे टोक मागे करावे आणि गाळ साचू लागला की पाणी ओतून तो वाहू द्यावा. दाब हलका आणि मध्यभागी असावा. बोटे टोकांवर दाबली, दगड हेलकावला किंवा ओला पेपर पुढे सुरकुतला, तर कडा अधिक झिजतात आणि खोल दगडाच्या जागी फुगीर दगड तयार होतो. ही चूक इतकी सर्रास होते की काम संपल्यावर पट्टीने पुन्हा तपासणे मी अपरिहार्य मानतो.

शेवटी दगड वाहत्या पाण्याखाली ब्रशने नीट धुवावा. 1000 नंबरच्या वॉटरस्टोनमधील कण साधारण 12 ते 15 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. 220 नंबरच्या पेपरवरून सुटलेला कण त्यांच्या साधारण पाचपट मोठा असतो. असा एकच कण दगडात रुतून राहिला, तरी पुढच्या प्रत्येक धारेवर त्याचा ओरखडा उमटतो.

हिऱ्याची प्लेट घेणे योग्य ठरेल का?

वॉटरस्टोन नियमित वापरत असाल तर निश्चितच. 140 ते 400 नंबरच्या प्लेटवर पाणी शिंपडून 1000 नंबरचा दगड मिनिटभरात सपाट होतो, आणि काम इतके सोपे झाले की माणूस ते टाळत नाही. हा लाभ मला वेगापेक्षा मोठा वाटतो. एक पथ्य मात्र पाळावे. अत्यंत खरखरीत दगड, विशेषतः सिलिकॉन कार्बाइडचा 120 किंवा 220 नंबरचा, या प्लेटवर घासू नये. त्यातून सुटणारे मोठे कण हिऱ्यांना धरून ठेवणारा निकेलचा थर कोरतात आणि हिरे निखळू लागतात. खरखरीत दगडांसाठी काचेवर टाकलेली सिलिकॉन कार्बाइडची सुटी पूड हेच योग्य साधन आहे.

खाचा पाडलेले, 'फ्लॅटनिंग स्टोन' या नावाने विकले जाणारे ठोकळे स्वस्त असतात. पण ते स्वतःही झिजून खोल होतात आणि अनेकदा नवे असतानाच पुरेसे सपाट नसतात. मी ते सुचवत नाही.

सिमेंटच्या कोब्यावर किंवा शहाबादी फरशीवर वाळू टाकून दगड घासला तर?

अनेक सुतार असेच करतात, आणि ही पद्धत टाकाऊ नाही. वाळूचे कण दगडाच्या कणांपेक्षा मऊ असले तरी ते बंधक उकरून कण मोकळे करतात, म्हणून दगड झिजतो. मर्यादा दोन आहेत. कोबा सपाट दिसला तरी नसतो. आणि शहाबादी, कडप्पा किंवा कोटा हे सारे चुनखडीच्या जातीचे मऊ दगड असल्याने वाळूखाली ते स्वतःच झिजून खोल होतात. मोठा खळगा पहिल्यांदा कमी करण्यासाठी ही पद्धत वापरावी आणि शेवट काचेवर करावा.

दोन दगड एकमेकांवर घासले की दोन्ही सपाट होतात, हे खरे आहे का?

नाही. ते एकमेकांशी जुळतात, एवढेच. एक किंचित खोल आणि दुसरा तितकाच फुगीर असला, तरी ते एकमेकांवर तंतोतंत बसतात आणि सपाट असल्याचा भास होतो. तीन दगड आळीपाळीने जोडी बदलत घासले, तर मात्र तिन्ही सपाट होतात, कारण एकाच वेळी तिन्ही जोड्या जुळण्यासाठी तिघांनाही सपाट होण्यावाचून मार्ग उरत नाही. याच तत्त्वावर 19व्या शतकात इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी यंत्रशाळेतील लोखंडी सपाट पृष्ठे तयार करण्याची रीत रूढ केली. घरी एकाच नंबरचे तीन दगड क्वचितच असतात, त्यामुळे ही माहिती प्रामुख्याने दोन दगडांच्या भ्रमापासून वाचण्यासाठी उपयोगी आहे.

सपाट केल्यावर कडा हाताला लागतात. त्यांचे काय करावे?

चारही बाजूंच्या कडा पेपरवर किंवा प्लेटवर तिरक्या धरून एक-दोन मिलिमीटर मोडाव्यात. तीक्ष्ण कड राहू दिली, तर सुरी तिच्यावर आदळून तिचा टवका उडतो आणि तो टवका सुरीखाली सापडतो.

हे किती वेळा करावे लागते?

थोडे थोडे आणि वारंवार केल्यास ते काम वाटत नाही. 1000 नंबरचा वॉटरस्टोन मी प्रत्येक बैठकीच्या आरंभी प्लेटवर दहा-वीस वेळा फिरवतो, आणि पाच-सहा पटाश्या झाल्या की मध्येही एकदा फिरवतो. ऑइलस्टोन वर्षातून एक-दोनदा तपासला तरी पुरतो. 'अगदी खोल गेल्यावर एकदाच करू' असा विचार केला, तर मधल्या सर्व काळात हत्यारे वाकड्या पृष्ठभागावर घासली जातात आणि शेवटी दगडाचा बराच भागही वाया जातो.

दगड वापरण्याची पद्धत बदलली तरी पुष्कळ फरक पडतो. अरुंद पटाशी मधल्या पट्ट्यातच न घासता कडांच्या बाजूने घासावी, कोपरे आवर्जून वापरावेत आणि मध्येच दगडाची दिशा उलटी करावी.

वॉटरस्टोन पाण्यात किती वेळ ठेवावा?

सर्व वॉटरस्टोनना एक नियम लावता येत नाही. सच्छिद्र दगड बुडबुडे येणे थांबेपर्यंत, म्हणजे साधारण पाच ते दहा मिनिटे भिजवावेत. शाप्टन या जपानी कंपनीच्या दगडांसारखे घट्ट दगड भिजवायचे नसतात, त्यांच्यावर पाणी शिंपडणे पुरते. मॅग्नेशियाचा बंधक असलेले दगड दीर्घकाळ पाण्यात ठेवले, तर त्यांचा पृष्ठभाग मऊ पडतो आणि वाळताना त्यांना तडे जातात. दगडासोबत आलेला कागद वाचावा, आणि तो नसेल तर न भिजवण्याच्या बाजूने निर्णय घ्यावा.

वाळवताना घाई करू नये. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या उन्हात ओला दगड ठेवला, तर वरचा थर आधी सुकतो, आतला ओला राहतो आणि दगड तडकू शकतो. तो सावलीत, खाली हवा खेळेल अशा रीतीने दोन काड्यांवर ठेवावा. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात प्रश्न उलटा असतो. डब्यात बंद केलेल्या ओलसर दगडावर बुरशी येते. तेथे तो डब्यात न ठेवता उघड्या फळीवर ठेवणे चांगले. बर्फ पडणाऱ्या देशांत राहणाऱ्यांनी ओला दगड हिवाळ्यात गॅरेजमध्ये ठेवू नये, कारण आतले पाणी गोठून प्रसरण पावते आणि दगड फुटतो.

ऑइलस्टोनसाठी खोबरेल किंवा गोडेतेल चालते का?

चालवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल ही खाण्याची तेले हवेने हळूहळू चिकट होतात आणि दगडाची रंध्रे बुजवतात. खोबरेल तेल सुमारे 24 अंश सेल्सिअसखाली थिजते, त्यामुळे थंडीच्या सकाळी दगडावर मेणाचा थर चढल्यासारखे होते. शिलाई मशीनचे पातळ तेल उत्तम. स्वयंपाकाच्या सुऱ्यांसाठी औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन वापरावे, ते खनिज असल्याने चिकट होत नाही.

एकदा तेल मुरलेल्या दगडावर नंतर पाणी वापरण्याचा प्रयत्न करू नये. वॉटरस्टोनला तर तेलाचा स्पर्शही होऊ देऊ नये, कारण ते पुन्हा पूर्णपणे निघत नाही.

दगड सपाट आहे, तरीही हत्यार त्यावरून नुसते घसरते. असे का होते?

त्याचे कण बोथट झाले आहेत किंवा मधल्या जागा लोखंडाच्या किसाने आणि जुन्या तेलाने भरल्या आहेत. अशा दगडाला काचेसारखी चकाकी येते. ऑइलस्टोन असेल तर तो टर्पेंटाइनमध्ये रात्रभर बुडवून ताठ ब्रशने घासावा आणि मग धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवावा. टर्पेंटाइनचे काम उघड्यावर आणि विस्तवापासून दूर करावे. दगड भट्टीत किंवा गॅसवर तापवून तेल काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये.

स्वच्छ झाल्यावरही तो कापत नसेल, तर वरचा थर 120 नंबरच्या पुडीवर घासून काढावा लागतो. गुळगुळीत झालेल्या जात्याला आणि पाट्याला टाकी लावून घेण्याची आपली रीत याच कारणासाठी होती. तेथे छिन्नीने खरखरीतपणा आणत, येथे तो पुडीने आणायचा.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. 6000 किंवा 8000 नंबरचा बारीक दगड खरखरीत साधनाने सपाट केला, तर त्याच्या पृष्ठभागावर ओरखडे राहतात आणि सुरुवातीला तो आपल्या नंबराइतके बारीक काम करत नाही. अशा दगडाचा शेवटचा हात 400 ते 600 नंबरच्या प्लेटवर हलका फिरवावा.

हिऱ्याची प्लेट आणि सिरॅमिकचा दगड कधी सपाट करावा लागतो का?

हिऱ्याची प्लेट सपाट करता येत नाही. ती विकत घेतानाच पट्टीने तपासावी. वापरताना दाब न देणे आणि नंतर धुऊन, पुसून कोरडी ठेवणे, एवढीच तिची निगा. सिरॅमिकचा दगड फार सावकाश झिजतो, पण त्यावर काळा किस चढतो. तो भांडी घासण्याच्या पुडीने आणि काथ्याने निघतो.

मी केवळ विळी, कोयता आणि विळ्याला धार लावते. मला हे सर्व करण्याची गरज आहे का?

फारशी नाही. विळीचे पाते वक्र असते आणि निसणा, म्हणजे धार लावण्याचा छोटा दगड, हातात धरून तो पात्यावर फिरवला जातो, त्यामुळे निसण्याच्या सपाटीला तेथे महत्त्व नाही. तो स्वच्छ आणि खरखरीत असला की झाले. मात्र त्याच निसण्यावर घरातील कोणी पटाशी किंवा रंध्याचे पाते घासत असेल, तर त्यांच्यासाठी दुसरा दगड वेगळा ठेवावा.

निघालेला गाळ कोठे टाकावा?

मोरीत किंवा सिंकमध्ये टाकू नये. तो जड असल्यामुळे नळीच्या बाकात बसतो आणि सिमेंटसारखा घट्ट होतो. काम परातीत करावे, गाळ रात्रभर तळाशी बसू द्यावा, वरचे पाणी ओतून द्यावे आणि उरलेला गाळ वाळल्यावर कागदात बांधून कचऱ्यात टाकावा. दगड कोरडा मात्र कधीही घासू नये. नैसर्गिक दगडांत सिलिका असते, तिची धूळ श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन बसते आणि त्यातून सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. पाणी किंवा तेल ठेवले की धूळ उडतच नाही.

दगड पडून दोन तुकडे झाले. तो टाकून द्यावा का?

नाही. तुकडे पूर्णपणे वाळवावेत, अराल्डाइटसारख्या इपॉक्सीने जोडावेत आणि सपाट फरशीच्या तुकड्यावर चिकटवावेत. चोवीस तासांनी पृष्ठभाग सपाट केला की सांधा बोटाला जाणवत नाही. झिजून पाच-सहा मिलिमीटर उरलेला दगडही असाच फरशीवर बसवून शेवटपर्यंत वापरता येतो.

वडिलांच्या हत्यारांच्या पेटीत जुना, मधून पूर्ण खोल गेलेला दगड सापडला आहे. तो वाचवता येईल का?

बहुतेक वेळा येतो, आणि तो वाचवावा. आधी दगड ओळखावा. तांबूस किंवा तपकिरी असेल तर तो बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा असतो. अशा दगडांपैकी अमेरिकेतील नॉर्टन कंपनीचा 'इंडिया' हा दगड प्रसिद्ध आहे, आणि सुरुवातीला त्यासाठीचा कुरुंद भारतातून जात असल्यामुळे त्याला ते नाव पडले. कोरंडम हा शब्दही आपल्या कुरुंदाचाच भाऊ आहे. राखाडी-काळा आणि चमचमणारा असेल तर तो सिलिकॉन कार्बाइडचा. एडवर्ड ॲचेसन यांनी 1891 मध्ये हा पदार्थ प्रथम तयार करून त्याला कार्बोरंडम हे नाव दिले, आणि आपल्याकडील जुने सुतार आजही कोणत्याही दगडाला सरसकट कार्बोरंडम म्हणतात. चेन्नईची कार्बोरंडम युनिव्हर्सल 1954 पासून हे काम करत असल्याने पेटीतला दगड आपल्याच देशात बनलेला असण्याची शक्यताही बरीच आहे.

त्यावर पाण्याचा थेंब टाकावा. थेंब मोत्यासारखा वर राहिला तर आत तेल मुरलेले आहे, आणि दगड पुढेही तेलावरच वापरावा. तो लाकडी पेटीतून बाहेर काढून वर सांगितल्याप्रमाणे स्वच्छ करावा. मग काचेवर चमचाभर 80 किंवा 90 नंबरची सिलिकॉन कार्बाइडची पूड आणि थोडे पाणी घेऊन घासावे. पूड मिळाली नाही, तर मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानातील व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट केरोसिनने पातळ करून वापरता येते, परंतु केवळ ऑइलस्टोनसाठी. पुडीचे कण बारीक होऊन आवाज मंदावला की नवी पूड घ्यावी. खळगा तीन-चार मिलिमीटरचा असेल, तर तास-दीड तास लागेल असे धरून चालावे. या कामात काचही झिजते, म्हणून दगडाची पुढची खेप काचेच्या दुसऱ्या बाजूवर करावी.

दगडाच्या दोन्ही बाजू सपाट करण्याची आवश्यकता नाही. एक बाजू पटाशीसाठी सपाट करून घ्यावी आणि दुसरी खोलगट तशीच राखावी. गोल पटाशीचा बाहेरचा उतार आणि कुऱ्हाडीचे पाते त्या खळग्यात व्यवस्थित बसते, आणि त्यामुळे सपाट बाजूवर पन्हळी पडत नाहीत.